माडीवरची हाक

आमच्या गल्लीत भर दुपारी एखादं म्हातारं माणूस माडीच्या गॅलरीत उभं राहून "गो पार्वते!" अशी खणखणीत हाक मारू लागलं, तरी महाडकर मान वर करून बघत नसत. बाहेरगावचा कुणी असला तर दचकायचा. मग खालचा कापडवाला त्याला समजावायचा, "काही नाही हो, कवळी बसली."

ही हाक म्हणजे आमच्या डॉक्टरांची शेवटची परीक्षा. कवळी तोंडात बसली, टोचत नाही, पडत नाही, एवढ्यावर त्यांचं समाधान व्हायचं नाही. आधी डब्यातले भाजलेले चणे खायला लावायचे. मग गिऱ्हाइकाला गॅलरीत उभं करायचे आणि म्हणायचे, "घरात रोज ज्याला हाक मारता त्याला मारा. लाजू नका. रोजच्यासारकी आली पायजे." हाक बोबडी आली, फुसकी आली, की कवळी पुन्हा टेबलावर. त्यांचं म्हणणं असं, की खायला काय, माणूस हिरड्यांनीसुद्धा खातो. दात लागतात ते आपल्या माणसाला आपल्या आवाजात बोलवायला. हे कुठल्या पुस्तकात लिहिलं होतं कोण जाणे. पण हाक नीट आल्याशिवाय त्यांनी एकही कवळी जिना उतरू दिली नाही.

गाव त्यांना चिनी डॉक्टर म्हणायचं. चेहरा चिनी, बोलणं ठार महाडचं. आजोबा चीनमधून मुंबईला आले ते कागदाची फुलं विकायला. दारोदार फुलं विकता विकता जोडीला दात काढायला शिकले. वडिलांनी फुलं सोडून दिली, दात तेवढे धरले, आणि हातात बॅग घेऊन आठवड्याचे बाजार करत करत महाडला येऊन टेकले. डॉक्टर इथेच जन्मले, इथल्याच शाळेत नापास झाले (हे ते छाती काढून सांगायचे) आणि वडिलांच्या हाताखाली कवळ्या करायला शिकले. बायको कलकत्त्याची. तिच्या माहेरी पिढ्यान् पिढ्या जोडे शिवायचे; ती महाडला येऊन मागच्या खोलीत बायकांचे केस कापू लागली. हाताला काम नसलेलं माणूस त्या घरात मी कधी पाहिलं नाही. पण पुढे एसटी स्टँडजवळ चायनीजच्या लाल गाड्या लागल्या आणि लोक डॉक्टरांना रस्त्यात अडवून विचारू लागले, "काय डॉक्टर, तुमच्याकडे असंच करतात का हो?" डॉक्टर गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "आमच्याकडं वालाचं बिरडं करतात."

मी हायस्कुलात मराठी शिकवायची आणि त्यांच्या समोरच राहायची. माझा त्यांच्याशी खरा संबंध आला तो माझ्या अक्षरामुळे. एका रविवारी सकाळी ते आमच्या दारात उभे. खाकी अर्धी विजार, पांढरा बनियन, हातांना ओलं प्लास्टर माखलेलं. म्हणाले, "बाई, तुमचं अक्षर लय सुंदर हाय म्हनतात. मला थोडी नावं लिवून द्याल?"

थोडी! माडीवर भिंतभर कपाट होतं. सावित्री नदीचं पाणी बाजारपेठेत शिरायचंच, म्हणून दवाखाना पहिल्यापासून वर. त्या कपाटात जमिनीपासून आढ्यापर्यंत पांढरे साचे मांडलेले. माणसांच्या तोंडांचे. प्रत्येकाच्या बुडाला पेन्सिलीनं नाव आणि गाव, आणि आमच्या दमट हवेनं ती नावं पुसट झालेली. ती मी पुन्हा लिहायची होती. पुढची दहा-बारा वर्षं माझा महिन्यातला एक रविवार त्या कामात गेला. अर्धा महाड तालुका आणि पाऊण पोलादपूर माझ्या हातावर उपडा पडून गेला म्हणा ना.

त्यांची पद्धत अशी, की कुणी पहिला दात काढून घ्यायला आला की उरलेल्या दातांचं माप घ्यायचं आणि साचा ओतून कपाटात ठेवायचा. त्याचे पैसे नाहीत. गिऱ्हाईक म्हणायचं, "डॉक्टर, अजून सगळे दात हायत, आतापास्नं कशाला?" ते म्हणायचे, "आता हायत म्हनूनच." वीस-तीस वर्षांनी तोच माणूस बोळका होऊन आला, की डॉक्टर कपाटातून त्याचा साचा काढायचे आणि त्याचे स्वतःचे दात त्याला परत करायचे. वाकडा असेल तर वाकडा, फट असेल तर फटीसकट. लोकांना सिनेमातल्यासारखे सरळ पांढरे दात हवे असायचे. ते डॉक्टरांनी कुणालाही दिले नाहीत.

आमच्या सासूबाईंशी यावरून त्यांचं मोठं भांडण झालं. सासूबाईंचा वरचा एक दात दुसऱ्यावर चढलेला होता. त्या कडाडल्या, "जन्मभर त्या मेल्या दातानं ओठ सोलला माझा. आता तो विकत घेऊ होय?"

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "मावशी, नातवंडांनी वळखाय नको तुमाला?"

चढलेला दात बसलाच. मग हाकेची पाळी आली. लग्न होऊन तोवर मला बारा वर्षं झाली होती आणि सासूबाईंनी मला "अगं ए" याखेरीज हाक मारल्याचं आठवत नाही. त्या दिवशी गॅलरीत उभं राहून त्यांनी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं माझं नाव घेतलं. मी वह्या टाकून धावत बाहेर आले. त्या खालचा ओठ मुडपून हसत होत्या, आणि तो चढलेला दात दिसत होता. मला त्या दोघांचाही, म्हणजे सासूबाईंचा आणि त्या दाताचा, एकदम लळा लागला.

त्या कपाटात अगदी वरच्या फळीवर सात साचे वेगळे होते. त्यांच्या बुडाला चिनी अक्षरं. डॉक्टरांच्या वडिलांना बरीच वर्षं मराठी लिहिता येत नव्हतं, म्हणून गावकऱ्यांची नावं ते आपल्या अक्षरांत लिहून ठेवायचे. बासष्टची चीनशी लढाई झाली आणि त्यांना दर आठवड्याला पोलीस ठाण्यात हजेरी द्यायला जावं लागू लागलं. तेव्हा त्यांनी घरातला चिनी कागदन् कागद चुलीत घातला आणि पुन्हा ती अक्षरं काढली नाहीत. साचे मात्र फोडले नाहीत. आणि पोराला ती अक्षरं शिकवायची राहून गेली. डॉक्टर म्हणायचे, "बा शिकवाय बसायचा तवा मी सावित्रीत पवायला." तेव्हा ती सात तोंडं कुणाची, हे महाडात कुणालाच वाचता येत नव्हतं; बायकोलासुद्धा बोलणं तेवढं यायचं, अक्षरं नाही. मी म्हटलं, "मग ठेवता कशाला?" तर म्हणाले, "मला वाचता येत नाय, ह्यात त्येंचा काय गुन्हा? मालक येल." ती अक्षरंही पुसट व्हायची. मी चित्र काढावं तशी ती जशीच्या तशी गिरवायची.

आणि मालक खरंच यायचे. डॉक्टरांना एक गोष्ट ठाऊक होती. दात जातात, हिरड्या झिजतात, पण टाळूवर पुढच्या बाजूला ज्या वळ्या असतात त्या मरेपर्यंत तशाच राहतात, आणि एकाच्या दुसऱ्यासारख्या नसतात. कुणी जुना म्हातारा आला की त्याच्या टाळूचं माप घेऊन ते त्या सातांशी लावून बघायचे.

असेच एकदा पोलादपूरच्या डोंगरातले एक निवृत्त सुभेदार आले. मुलानं जबरदस्तीनं आणलेले. जिन्यात डॉक्टरांचा चेहरा बघितला आणि तिथेच थांबले. "चिन्याच्या हातात तोंड देनार नाय. बासष्टला वर व्हतो मी. दोस्त ठेवून आलोय तिथं."

मी पेन्सिल हातात धरून बसले होते. डॉक्टर त्यांच्याकडे बघत राहिले, चेहऱ्याकडे नव्हे, ओठांच्या ठेवणीकडे. मग म्हणाले, "सुभेदार, लढाईच्या आदी रजेवर आला व्हता तवा एक दाढ काडून घेतली व्हती काय, हितं?"

सुभेदार म्हणाले, "घेतली आसंल. एक बुटका म्हातारा व्हता."

"माजा बा." डॉक्टरांनी वरच्या फळीवरून एक साचा काढून त्यांच्या हातात दिला. "लढाईत तुमी तिकडं व्हता. तुमचं तोंड हितं व्हतं, आमच्या घरात. बानं कागद जाळले, ह्ये नाय फोडलान. बगा, तुमचंच हाय का."

सुभेदारांनी खालचा उरलेला एकुलता एक दात अंगठ्यानं चाचपला आणि साच्यावरचा चाचपला. दोन्ही आत कलंडलेले. मग जाऊन खुर्चीत बसले. पंधरा दिवसांनी गॅलरीत उभं राहून त्यांनी आवाज काढला तो "सावधान!" असा, की खालून जाणारे दोन सायकलवाले खरोखर थांबले. डॉक्टर आतून ओरडले, "घरच्याला, सुभेदार, घरच्याला!" तेव्हा त्यांनी बायकोचं नाव घेतलं, पण ते आम्हाला ऐकू आलं नाही. डॉक्टरांनी तेवढ्यावर पास केलं. चिनी अक्षरांतले मालक असे एकेक सापडत गेले आणि वरच्या फळीवर शेवटी एकच साचा उरला. तो कुणालाच लागेना.

सुभेदारांसमोर न डगमगलेले डॉक्टर एका कागदासमोर मात्र नमले. कुणीतरी अर्ज केला होता, की यांना पदवी नाही. चौकशीला सरकारी साहेब आले. सभ्य माणूस होता, चहासुद्धा घेतला. म्हणाला, "कवळ्या बनवा, डॉक्टर मंडळींकडून मापं घ्या, त्याला हरकत नाही. पण रुग्णाच्या तोंडात हात घालायला पदवी लागते." मी भांडायला पुढे झाले. मला राग आला की मी शुद्ध मराठीत आणि फार मोठ्यानं बोलते. डॉक्टरांनी मला गप्प केलं. "बाई, बरोबर हाय त्येंचं. दुसऱ्या कुनी काय पन घालंल लोकांच्या तोंडात. कायदा पायजे."

साहेब गेल्यावर त्यांनी स्वतः स्टुलावर चढून पत्र्याची पाटी उतरवली. वडिलांच्या वेळची पाटी. ती प्लास्टरच्या पोत्याखाली घातली, पोत्याला ओल लागू नये म्हणून. आणि त्या दिवसापासून कुणी "डॉक्टर" म्हटलं की ओ देणं बंद केलं. मी सवयीनं म्हणायची, ते भिंतीकडे बघत बसायचे. आसपासच्या दवाखान्यांतून मापं यायची, ते कवळ्या करून पाठवायचे. पण त्या कवळ्या कुणाच्या तोंडात कशा बसल्या, हे त्यांना कळायचं नाही. आमच्या गल्लीतल्या हाका बंद झाल्या. बंद झाल्यावर कळलं, की दुपारी आपण त्या हाकांची वाट बघत होतो.

त्यात त्यांना साखर निघाली आणि त्यांचे स्वतःचे दात हलायला लागले. दोन-तीन वर्षांत सगळे गेले. तालुक्याला कवळ्या पुरवणारा माणूस, आणि भाकरी आमटीत बुडवून चावल्याचं नाटक करतो! मी एकदा सरळ विचारलं, "स्वतःची कवळी का करत नाही?"

म्हणाले, "काय बगून करू? माजा साचा नाय. लोकांचे करता करता माजा ऱ्हाऊन गेला, आन् हलत्या दातांचं माप येत नाय."

मग हळूहळू सांगितलं. वडिलांनी त्यांना काम शिकवलं ते त्यांच्याच तोंडावर. पंधरा-सोळा वर्षांचं पोर, रोज तोंडात मेण कोंबायचे, माप घ्यायचे, साचा ओतायचे, "वाईट" म्हणायचे आणि फोडून टाकायचे. "चांगला" असं त्या माणसाच्या तोंडून कधी निघालं नाही. "गावाची तोंडं ठेवलीन," ते म्हणाले, "माजं तेवडं नाय ठेवलान. माजे दात नेमके कसे व्हते त्ये मलाच ठावं नाय. मंग उगाच दुसऱ्या कुनाचे घालू?" मी खूप समजावलं. पण तो हट्ट मोडणारा नव्हता, आणि आतल्या आत मला वाटत होतं की मोडूही नये.

त्यांना एकच मुलगी. माझी विद्यार्थिनी. लहानपणी तिला त्या कपाटाची भीती आणि लाजही. मैत्रिणी घरी यायच्या नाहीत. "मोठी झाले की हे सगळं सावित्रीत टाकणार," असं ती मला वर्गात सांगायची. तीच पुढे दातांचीच डॉक्टर व्हायला मुंबईच्या कॉलेजात गेली. पाटी उतरली तेव्हा ती तिथेच शिकत होती. एका सुट्टीत ती पुस्तक उघडंच घेऊन माडीवर आली. मी नावं गिरवत होते.

"बाबा, टाळूच्या वळ्यांवरून माणूस ओळखता येतो. आम्हाला हे आत्ता शिकवलं. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोन सांगंल? बगून बगून."

ती कपाटाकडे बघत उभी राहिली. तिनं त्या दिवशी पहिल्यांदा एक साचा हातात घेतला. माझ्यासारख्या शिक्षिकेला असे क्षण लगेच कळतात. मी मान खाली घालून गिरवत राहिले.

पण नोकरी लागली ती ठाण्याला, झकपक दवाखान्यात. मामांची बोलावणी कॅनडाहून. बरोबरचे सगळे नातेवाईक केव्हाच तिकडे गेलेले. डॉक्टर तिला "इकडं ये" असं एकदाही म्हणाले नाहीत. मला मात्र एकदा म्हणाले, "बाई, मी गेल्यावर ह्या लोकांना कोन सांभाळंल?" लोक म्हणजे ते साचे. मी पुढचा साचा गिरवायला घेतला.

आणि मग एका गणपतीत ती सामान घेऊनच आली. वडिलांना म्हणाली, "खुर्चीत बसा."

"माजा साचा—"

"आत्ताच्या हिरड्यांचा तर घेते. आ करा."

आयुष्यभर इतरांना "आ करा" म्हणणारा माणूस पोरीपुढे मुकाट्यानं आ करून बसला. तिनं माप घेतलं, प्लास्टर ओतलं. सुकल्यावर साचा काढून वडिलांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून तिच्या कामात खोड काढायला सुरुवात केली. कडा बघितल्या, कुठे बुडबुडा राहिलाय का बघितलं. मग टाळूवरून बोट फिरवलं आणि बोट थांबलं. पुन्हा फिरवलं. डावीकडच्या एका वळीला मध्येच फाटा फुटलेला होता.

ते उठले. स्टुलावर चढून, न चाचपडता त्यांनी वरच्या फळीवरचा तो शेवटचा, कुणालाच न लागणारा साचा काढला. दोन्ही शेजारी धरले. मला काहीच कळत नव्हतं. पोरीला माझ्याआधी कळलं, तिनं तोंडावर हात ठेवला. चाळीस वर्षं ते टाळू त्यांनी तालुक्याच्या प्रत्येक म्हाताऱ्याला लावून बघितलं होतं. फक्त स्वतःच्या तोंडात बघायचं राहिलं होतं.

"बानं ठेवलान," ते म्हणाले. त्या बोळक्या तोंडातून ते नीट उमटलंसुद्धा नाही. "येक ठेवलान व्हता. माजा बी."

म्हणजे बुडावरची ती अक्षरं त्यांचंच नाव होतं. ते त्यांना वाचता आलं नव्हतं, आणि मी इतकी वर्षं ते गिरवत आले होते. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. त्या अक्षरांखाली मी त्यांचं नाव आणि गाव मराठीत लिहिलं. गाव: महाड. एवढं मन लावून मी फळ्यावरही कधी काही लिहिलं नसेल.

साच्यातला वरचा पुढचा एक दात किंचित तिरका होता. मुलीनं तो तसाच तिरका लावला. काम चालू असताना ती मध्येच कपाटाकडे बघून मला म्हणाली, "बाई, हे कपाट ठाण्याला कुठे मावायचं?" मी म्हटलं, "नाहीच मावणार." ती म्हणाली, "हो ना." एवढंच बोलणं झालं. दोन दिवसांनी तिनं प्लास्टरच्या पोत्याखालून ती पत्र्याची पाटी ओढून काढली, मागची बाजू रंगवली आणि अक्षरं काढायला मला बोलावलं. तिचं नाव, खाली तिची पदवी, आणि त्याखाली तिच्याच सांगण्यावरून एक ओळ: "कवळ्या येथेच बनवतात." डॉक्टर खुर्चीत बसून बघत होते. रंग ओघळला की मला सांगत होते.

पाटी लागली त्याच दुपारी कवळी तयार झाली. बसली. चणे खाऊन झाले. मुलगी काहीतरी घ्यायला खाली उतरली होती, आणि ते नेमाप्रमाणे गॅलरीत जाऊन उभे राहिले. खाली कापडवाला, चार शेजारी, दारात मी. सगळ्यांना वाटलं, आता बायकोला हाक मारतील. त्यांनी कठड्यावर दोन्ही हात ठेवले, छाती भरून घेतली, आणि इतक्या वर्षांत ज्या शब्दाला ओ दिली नव्हती त्याच शब्दानं गल्ली दणाणून सोडली.

"डॉक्टर!"

जुन्या सवयीनं आम्ही सगळ्यांनी वर त्यांच्याकडेच बघितलं. पण ते आमच्याकडे बघत नव्हते. ते खाली, नव्या पाटीखाली उभ्या असलेल्या आपल्या मुलीकडे बघत होते, आणि तो तिरका दात दिसत होता.

"ओ," ती म्हणाली. "आले, बाबा."